शेपटीवरचा नारळ

संकटातल्या माणसाला शोधायला कुणीतरी निघावं, याहून मोठं भाग्य नाही. लासुर्ण्यात एका निवृत्त गृहस्थांनी शेडमध्ये स्वतः विमान बांधायला घेतलं होतं. विमान आपटताच धक्क्यानं चालू होऊन बचाव केंद्राला जागा कळवणारं यंत्र त्यांनी निवडून शेपटीत बसवलं. "पडलो तरी हरवायचो न्हाय," ते उपरण्यानं पत्रा पुसत सांगत होते. पूजेनंतर त्यांनी शेपटीवरच नारळ फोडला. थोड्याच वेळात केंद्राचा फोन आला.

"न्हाय साहेब, पडलं न्हाय. उडलंच न्हाय अजून," ते गावासमोर मान खाली घालून म्हणाले.

"तात्या, सापडला का मग?" मागून कुणीतरी विचारलं.

मलाच ओशाळल्यासारखं वाटलं. नारळ चाकापुढं फोडतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. विमानाला अजून चाकं नव्हती.