दोन पट्ट्या वर

हळदीला नाचणारा माणूस गाणं ऐकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर गळा तरी वाचला असता.

मामाची बेंजो पार्टी होती. भिवंडीजवळच्या कोन गावापासून वज्रेश्वरीपर्यंत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात हळद लागली की आमची ढोलकी आणि की-बोर्ड सुरू व्हायचा आणि मी आगरी नाचगाणी म्हणायचे. आवाज माझा जाड, भरदार. शेजारी कापडाचे लूम खडखडत असले तरी मी मारलेली हाक शेताच्या पलीकडे पोचायची. मला त्याचा माज होता, आणि का नसावा?

मग व्हीसीडीचे दिवस आले. भिवंडीत एका लूमच्या शेडवरच्या खोलीत रेकॉर्डिंग व्हायचं, तेही शुक्रवारी, कारण त्या दिवशी खालचे लूम बंद. मी गायले, चहा प्यायले, घरी आले. व्हीसीडी हातात पडली आणि टीव्हीवर लावली, तर माझ्या तोंडून कुणीतरी बारीक आवाजाची पोरगी चिवचिवत होती. रेकॉर्डिंगवाल्याने गाणं मशीनवर पळवलं होतं आणि त्याबरोबर माझा आवाजही वर चढला होता. मी तणतणत त्याच्याकडे गेले. तो हसला. "ताई, तुमच्या स्पीडला लोक झोपतील. ये नाचने का माल है."

माल खपला. रिक्षात, टेम्पोत, चिकनच्या दुकानात, जिकडे तिकडे ती चिवचिव. आई पाहुण्यांना हौसेने लावून दाखवायची. मी घरात काम करता करता गुणगुणले तर विचारायची, "सर्दी झाली काय गो तुला?" मला तिचा असा राग यायचा!

मांडवात उभी राहिले की बायका ओरडायच्या, "असा न्हाय, कॅशेटवानी बोल!" लोकांना मीच माझी नक्कल वाटायला लागले होते. मामाने त्यावर तोड काढली. की-बोर्ड दोन पट्ट्या वर नेला, ढोलकी पळवली आणि मला म्हणाला, "चढव आवाज." आणि मी चढवला. मशीनने जे केलं ते मी नरड्याने करायला निघाले. तो सबंध मोसम तसा काढला, पुढचाही काढला. लोक खूश, मामा खूश. घरी येऊन मी गरम पाणी पीत बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाही.

आधी हळू सूर गेले. बहिणीच्या तान्हीला झोपवायला अंगाई म्हणायला गेले तर घशातून नुसती खरखर आली आणि लेकरू दचकलं. कल्याणच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. "लगेच गाणं बंद करा, बोलणंसुद्धा बंद," तो म्हणाला. मामाला सांगितलं तर तो उखडला. "हळदी डॉक्टरला इचारून ठरतान काय गो?" त्याला कशाला बोल लावू? मी गप्प बसले तर माईक दुसरीच्या हातात जाईल, ही धास्ती माझीच होती. मी गातच राहिले.

वडप्याला एका घरची हळद होती. गोदामांना जमीन दिलेलं घर, माणसाहून उंच स्पीकर. दुसऱ्या कडव्यात मी सूर उचलला आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा उचलला, पुन्हा हवा. मला वाटलं, आता नाच थांबेल, कुणी पाणी आणून देईल. मामाने वाकून सीडी लावली. एकाचंही पाऊल चुकलं नाही. समोर व्हिडिओ शूटिंगवाला उभा होता, म्हणून मी रडू दाबून ओठ हलवत राहिले.

ऑपरेशन झालं, आवाज आला नाही. बोलले तर सुक्या पाल्यावरून पाय ओढल्यासारखं वाटतं. तरी हळदी सुटल्या नाहीत. बॅनरवर फोटो माझाच, नऊवारी माझी, हातात बंद माईक, आवाज सीडीचा. मामाला वाटायचं आपण मला सांभाळलं. मलाही घरी बसवत नव्हतं, हे खरं आहे.

अशीच बऱ्याच वर्षांनी अकलोलीच्या बाजूला एक हळद होती. माझ्याच वयाची असेल, नवऱ्या मुलाची आत्या. नाचून दमलेली, हात पिवळे. गाणं संपल्यावर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली, माझ्या दोन्ही गालांना हळद लावली आणि हात घट्ट धरला.

"माझ्या लग्नाला पन तुझाच गाना होता," ती म्हणाली. "बाकीच्यांचे आवाज बसले गो. तुझा हाय तसाच हाय. कसा राखलास?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंखुरं. मी छातीला हात लावून मान लववली आणि हसले. तोंड उघडलं असतं तर तिने मला ओळखलंच नसतं.