तळ्याकाठचा कोरीव दगड

वाशिमला तळ्याकाठी फुलं विकणाऱ्या मावशींनी त्या दिवशी मला सांभाळून घेतलं. मी कोकणातला, सातवीत शाळा सोडलेला, शेलूबाजारजवळ रस्त्याच्या कामावर आलेलो. सुट्टीच्या दिवशी एकटाच जुनी देवळं बघत हिंडलो. पाय दुखले म्हणून एका कोरीव दगडावर बसलो, तर माणसं ओरडत जमली. तो त्यांचा देव होता. आता मार खातो, असंच वाटलं.

"काहून भेव दाखवून राह्यले परक्या मानसाले? त्याले काय मालूम!" मावशींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "धू बाप्पा, अन् फूल वाहा."

मी दगड धुतला, तशी माणसं पांगली.

"घरी कोन कोन हाय?" मावशींनी विचारलं. इथं आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. "गावी आई आहे," मी सांगितलं.

एक दिवस आईला वाशिमला आणीन, आमच्या झाडाच्या नारळानं तिच्या हातून मावशींची ओटी भरवीन.