डायवरभाऊचा हिस्सा

ताडोबाची सफारी बुक करायला मी लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मोहर्लीहून गडचिरोली काही दूर नाई."

बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरीची अकरा वर्षं त्यांनी गडचिरोलीच्या बाजूला काढली, पण गेली पंचवीस वर्षं आमच्या नागपूरच्या घरात त्या जिल्ह्याचं नाव कोणी काढत नव्हतं. शिवाय पुढच्या कुठल्याही बेताला त्यांचं उत्तर ठरलेलं: "पुढचं कोनं पाह्यलं?" दिवाळीत कुठे जायचं? पुढचं कोनं पाह्यलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं? तेच. असा माणूस आपणहून रस्ता सुचवतो म्हटल्यावर मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"तिकडे कुठे जायचंय?"

"एका गावात. पन अकतीच्या दुसऱ्या दिवशीच."

अकती म्हणजे अक्षय तृतीया, पितरांना जेवू घालायचा दिवस. म्हणजे ऐन उन्हाळा. मी शाळेत भूगोल शिकवते, चंद्रपूरच्या तापमानाचे आकडे मला तोंडपाठ आहेत. तरी तारखा बदलल्या.

पहाटे साडेपाचला निघालो. जाम गावात तर्रीपोहे खाल्ले, वरोरा, भद्रावती करत दुपारच्या आधी ताडोबाचं मोहर्ली गेट. रस्ता उत्तम, फक्त चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांमागे अडकायची मनाची तयारी ठेवा. दोघांनीच जिप्सी घेणं महागात पडतं. सहा जण जमवून जा, आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी जंगल बंद असतं. आम्हाला गवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली. वाघ दिसला नाही. गाईड म्हणाला, "काल याच टायमाले इथीच बसला होता जी." ताडोबाचा वाघ माझ्या वाट्याला नेहमी कालच येतो. बाबांचं लक्ष सगळा वेळ जिप्सीवाल्याच्या गिअरकडे होतं. उतरताना त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "क्लच कमी दाबत जा बाप्पा."

गेटजवळच्या टपरीवर संध्याकाळचा चहा घेताना त्यांनी गावात का जायचंय ते सांगितलं. मी थोडक्यात देते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

पंचवीस वर्षांपूर्वी अकतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, धानोऱ्याकडच्या जंगलात त्यांच्या गाडीपुढे रस्त्यावर सागाचं झाड आडवं पडलेलं होतं. कंडक्टर म्हणाला, मागे घ्या. मागचं वळण मोकळं होतं. बाबांनी गाडी मागे घेतली नाही, इंजिन बंद केलं. झाडीतून बंदुका घेतलेली माणसं आली. त्यांनी सगळ्यांना उतरवलं आणि एका गावच्या पोलीस पाटलाला बाजूला घेऊन गेली. त्याच्याबरोबर त्याची पाच वर्षांची नात होती, ती रस्त्यावर राहिली. मग गाडी पेटवून दिली. कंडक्टर बाकीच्यांना घेऊन पायी मोठ्या रस्त्याकडे गेला. बाबांनी त्या पोरीला खांद्यावर घेतलं आणि अडीच तास चालून तिच्या गावात, तिच्या आजीच्या हातात दिलं. पाटलाचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. बाबांनी नागपूरला बदली मागून घेतली.

"गाडी मागं घेतली असती तं तो मानूस वाचला असता," बाबा म्हणाले. "त्याच्या बाईले येवढं सांगाचं हाये. अजून जिती हाये म्हने."

"आणि त्या काय म्हणतील?"

"जे म्हनन ते आयकू."

गाडी जळल्याचं मला ठाऊक होतं. पाटलाचं आणि पोरीचं त्या टपरीवर पहिल्यांदा कळलं. आमच्या घरी एकमेकांना जवळ घ्यायची पद्धत नाही. मी आणखी एक चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूर, मूल, सावली असं करत गडचिरोलीला गेलो. अकतीचा दिवस, त्यामुळे मूलच्या बाजारात पितरांसाठीच्या तांबड्या घागरींच्या रांगा लागल्या होत्या. पुढे जागोजागी तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातलेले दिसले. वैनगंगेच्या पुलावर थांबलो, पण नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. जेवायला रस्त्याकडेच्या खानावळीत भात, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. दोघांचं दोनशेच्या आत झालं. एकेक थांबा यायच्या आधी बाबा त्याचं नाव आणि गाडीची जुनी वेळ सांगत होते. एकही नाव चुकलं नाही.

गडचिरोलीत लॉज साधा पण स्वच्छ मिळाला, कूलर चालू होता. दुपारभर बाबा कॉटवर बसून ओठांतल्या ओठांत काही घोकत होते. मध्येच मला म्हणाले, "माफी म्हनू का चुकलं म्हनू?"

वर्गात मुलांना कुठला शब्द कुठे वापरायचा ते मी फाडफाड सांगते. इथे मला सांगता आलं नाही. "जे येईल ते म्हणा," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून घेतली. धानोऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर पेट्रोल आणि मोबाइलची रेंज यांच्यावर विसंबू नका. रस्ता आता रुंद आणि डांबरी झालाय. एका वळणावर बाबांनी मला गाडी हळू करायला सांगितलं. मी केली. तिथे साग होते आणि उन्हाशिवाय काही नव्हतं. बाबा म्हणाले, "चाल."

गावाचं नाव लिहीत नाही. लहान गाव आहे, मासेमारी करणाऱ्यांची आणि धान पिकवणाऱ्यांची घरं. आम्ही पोचलो तेव्हा घरांना कड्या होत्या आणि सगळं गाव तलावाच्या काठावर. अकतीच्या दुसऱ्या दिवशी तलावात उतरून मासोळी मारायची आणि तिथेच वाटून घ्यायची, ही इथली जुनी रीत. बाबांना तारीख का पक्की हवी होती ते तेव्हा कळलं. त्या दिवशीही ते पोरीला घेऊन पोचले तेव्हा गाव असंच काठावर होतं.

मोहाच्या सावलीत पळसाची पानं ओळीने मांडलेली आणि प्रत्येक पानावर एक ढीग: रोहू, मरळ, वर मूठभर झिंगे. हे हिस्से. घर तिथे हिस्सा, मग त्या घरचं कोणी पाण्यात उतरलेलं असो वा नसो. यंदा पाणी कमी, त्यामुळे ढीग लहान होते. मारोतीभाऊ नावाचे मच्छीमार सोसायटीचे पुढारी एकेका घरचं नाव पुकारत होते, आणि ज्याचं नाव येई तो उठून आपलं पान उचलत होता. बाबा मागे, गाडीला टेकून उभे राहिले. सोनाबाई कुठल्या, हे कोणाला विचारायला त्यांचा पाय पुढे होईना. सोनाबाई म्हणजे पाटलाची बायको.

शेवटी दोन पानं उरली. मारोतीभाऊंनी पुकारलं, "देवीचा!" ते पान देवळात गेलं. मग पुकारलं, "डायवरभाऊचा!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाबांकडे पाहिलं तर त्यांनी गाडीचा आरसा धरला होता.

कोणी पुरुष उठला नाही. एक म्हातारी उठली, सत्तरीपुढची, अंगाने बारीक, पण चाल सरळ. तिने पान उचललं, काठावर नजर फिरवली आणि थेट आमच्याकडे आली.

"घ्या जी," ती बाबांना म्हणाली. "हा हिस्सा एका डायवरचा होय. तो काई येत नाई. मंग काठावर जो कोनी परका मानूस असन त्याले देतो आमी. औंदा तुमी हाव."

 बाबांचं काल दुपारभर घोकलेलं सगळं गेलं. शेवटी मीच म्हणाले, "बाई, हेच ते."

तिने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बुढे झालात," ती म्हणाली.

"बाई," बाबा म्हणाले, "मागचा रस्ता मोकळा होता. मी गाडी मागं घ्याले पायजे होती. घेतली नाई."

ती म्हातारी म्हणजेच सोनाबाई. सोनाबाईंनी पान खाली ठेवलं, पदराने हात पुसले.

"राग होता मले," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? त्यायच्यावर होता, अन् तुमच्यावर बी होता. दोन-तीन सालं होता. नात बोलेच ना जी. खाये, झोपे, पन बोले नाई. मंग एक दिवस तिनं माहा कान धरला अन् दोनदा वढला. म्या म्हनलं, काऊन वं? तं म्हने, डबल बेल. डायवरभाऊ असेच चालत होते म्हने."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते. अडीच तास जंगलातून चालताना रडणाऱ्या पोरीला त्यांनी सांगितलं होतं, मी गाडी, तू कंडक्टर. कान एकदा ओढला की थांबायचं, दोनदा ओढला की निघायचं. हे त्यांनी टपरीवर मला सांगितलं नव्हतं, परतीच्या वाटेवर विचारल्यावर सांगितलं. त्यांच्या हिशेबी ते सांगण्यासारखं नव्हतंच.

"तुमी गाडी मागं घेतली असती तं का झालं असतं, ते मले ठाऊक नाई," सोनाबाई म्हणाल्या. "माही पोरगी खांद्यावर बसून घरी आली, येवढं ठाऊक हाये. अन् तुमी त्या दिवशी पान्याचा घोट बी न घेता गेले. लोक काठावर, हिस्से मांडलेले, अन् तुमी तसेच गेले. ते लय लागलं मले. दुसऱ्या सालापासून तुमचा हिस्सा ठेवाले लावला."

राग शिल्लक होता तेव्हापासून? मी विचारलं नाही, पण वर्षं मोजता येतात. तेव्हापासूनच.

सोनाबाईंनी तांब्या मागवला. बाबा पाणी प्यायले, अर्धं सदऱ्यावर सांडलं. मला रडू आलं, ते मी उन्हाच्या माथी मारलं.

ती नात, मनीषा, पाण्यातून जाळं ओढून वर येत होती. आता तिशीची, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात रोपांच्या कामाला आहे. काम कंत्राटी, दर वर्षी धाकधूक, पण अकतीला रजा टाकून येतेच. तिने चिखलाच्या हातानेच बाबांना नमस्कार केला. दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं काही सुचलं नाही. रस्ता कसा आहे, गाडी कितीची घेतली, असं काहीबाही बोलले. दुपारी त्यांच्याच घरी मरळीचा रस्सा आणि भात जेवलो. सोनाबाई बाबांच्या ताटात वाढत राहिल्या आणि बाबा खात राहिले, एरवी दीड पोळीवर उठणारा माणूस.

निघताना आमचा हिस्सा स्टीलच्या डब्यात, ओल्या पानांत बांधून दिला. मी गाडी चालू केली. मनीषाने मागे येऊन टपावर पंजाने दोनदा थाप मारली, "जाऊ द्या!" बाबांनी मान मागे वळवली नाही. हात मात्र आपसूक गिअरकडे गेला आणि माझ्या हातावर पडला. मग त्यांनी तो परत घेतला.

परत येताना आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असा रस्ता घेतला. आरमोरीत बर्फ घ्या, मासे नागपूरपर्यंत टिकतात.

जुनं दुखणं बोलून टाकलं की माणूस मोकळा होतो असं ऐकून होते. बाबा मोकळे झालेत असं मला दिसत नाही. गाडी मागे घ्यायला हवी होती, हे ते अजूनही म्हणतात, परवाच म्हणाले. पण ज्या गावाचं आपण नुकसान केलं असं ते धरून बसले होते, त्या गावात दर वर्षी त्यांच्या नावाने पान मांडलं जात होतं, ही गोष्टही आता त्यांना ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी घरात आहेत. मला त्या माणसांचे उपकार वाटतात, आणि ते फेडायचा मार्ग दिसत नाही.

मासे त्याच संध्याकाळी शिजवले, शेजारी वाटी दिली. हात धुऊन आल्यावर बाबा म्हणाले, "मोबाइलात पाय बरं, पुढची अकती कधी हाये?"

मी पाहून सांगितलं.

"मंग मोतीबिंदूचं पावसाळ्याच्या आधी उरकून टाकू," ते म्हणाले. "त्या रस्त्यानं गाडी मी चालवीन."