येऊरच्या चढावरचं पिवळं जॅकेट

सायकल चालवणाऱ्या पुरुषांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही आणि ते मी ऐकीव माहितीवर बनवलेलं नाही. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी त्यांच्यातच असते. त्यांच्यातला एक तर माझ्या घरातच राहतो.

आमच्या ह्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दिवसभर घरात करायचं काय म्हणून सायकल घेतली. पण नुसती सायकल चालवून ह्यांचं भागेना, तिच्याबद्दल बोलायला माणसं हवी होती. म्हणून ह्यांनी ग्रुप काढला. मीही त्याच सुमारास खोपटच्या बस डेपोतल्या आरक्षणाच्या खिडकीवरून सुटले होते. वर्षानुवर्षं त्या खिडकीमागे बसून माझे गुडघे धरले होते, डॉक्टरांनी सायकल सुचवली. मी साधी गिअरची सायकल घेतली आणि पुढे भाजीची पिशवी अडकवायला हूक लावून घेतला. त्या हुकाकडे ग्रुपमधली मंडळी अजूनही असं बघतात, की जणू मी देवळात चपला घालून आले आहे.

आम्ही वर्तकनगरला राहतो. तिथून उपवन तलाव जवळ आणि तलावापाशीच येऊरचा चढ सुरू होतो. आम्ही दोघं घरून सायकलवर जातो. डोंबिवलीचे डेंटिस्ट मात्र सायकल मोटारीच्या मागे बांधून आणतात. ती बिचारी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत बसून येते, येऊर चढते, उतरते आणि पुन्हा बसून घरी जाते. तिचं वजन त्यांनी सुटे भाग बदलून बदलून कमी केलंय आणि नव्या माणसाला ती एका बोटाने उचलून बघायला लावतात. स्वतःच्या पोटाकडे ते अजून वळलेले नाहीत. दुसरे कल्याणचे क्लासवाले सर. दिवसभर मुलांना शिकवून यांचं समाधान होत नाही, रविवारी आम्हाला शिकवतात. तिसरा ठाकुर्लीचा, कॉम्प्युटरमधला. वय तिशीचं, बूट पेडलला खटकन अडकतील असे, आणि तोंडात अर्धी हिंदी.

या तिघांना मी वहिनी. वहिनीने केळी आणायची, सगळ्यांचे फोटो काढायचे आणि चढ चढून आली की ‘वहिनी, तुम्ही कमाल आहात’ हे ऐकून घ्यायचं. लहान मूल पाटीवर ‘ग’ काढून आलं की आपण ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात ते म्हणतात.

पावसाळा ओसरायच्या सुमाराला तिकडे युरोपात तीन आठवडे चालणारी एक मोठी शर्यत असते, डोंगरातून जाणारी. रोज एक टप्पा. आमच्याकडे तो रात्री टीव्हीवर संपतो. ग्रुपला तिचं भारी वेड. ज्या गावांची नावं धड उच्चारता येत नाहीत, तिथले घाट यांना तोंडपाठ असतात. आमच्या ह्यांनी त्यावरून एक प्रथा पाडली. शनिवारी टप्पा सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने ग्रुपवर एक नाव टाकायचं, आज कोण जिंकणार. ज्याचं बरोबर येईल त्याने रविवारी पिवळं जॅकेट घालायचं आणि येऊरचा चढ सगळ्यांच्या पुढे राहून चढायचा. वर पोचेपर्यंत त्याला कुणीही ओलांडायचं नाही. दोघांचं बरोबर आलं, तर ज्याने नाव आधी टाकलं तो. नियम ह्यांनीच लिहिला आणि ग्रुपवर सगळ्यात वर चिकटवून ठेवला.

नियम करताना या चौघांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. ती म्हणजे कधीतरी माझंही उत्तर बरोबर येऊ शकेल. यायचं कारणच नव्हतं म्हणा. शर्यतीत दोन बडे आहेत, जिंकले तर तेच दोघे, आणि सगळे त्यातलंच एक नाव टाकायचे. जॅकेट बहुतेक वेळा डेंटिस्टकडेच असायचं.

त्या शनिवारी मी तिसरंच नाव टाकलं. माझ्याकडे काही अभ्यास नव्हता. आदल्या दिवशीच्या टप्प्यात एक लांब मानेचा माणूस दिसला होता, आपल्या टीमच्या बड्यासाठी शर्टात पाण्याच्या बाटल्या खुपसून चढावर त्याच्यापर्यंत पोचवणारा. टप्पा संपल्यावर त्याला कुणीतरी काहीतरी विचारलं आणि त्याने उत्तर द्यायच्या आधी खुशाल जांभई दिली. बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण जग वाचवतोय असा भाव असतो. याला झोप आली होती, एवढंच. मला तो आवडला. हे हसले.

‘‘अगं, तो हमाल आहे त्यांचा. हमाल जिंकत नसतात.’’

रात्री तो हमाल जिंकला. शेवटच्या घाटात दोन बडे एकमेकांकडे बघत राहिले, तू पुढे हो, मग मी येतो. तेवढ्यात हा निघून गेला आणि शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. मी सोफ्यावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. ह्यांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, आजचा टप्पा जरा विचित्रच झाला.

मला ते जॅकेट हवं होतं. हे मी आडवळणाने सांगणार नाही. एकदा तरी तो चढ सगळ्यांच्या पुढे राहून चढायचा होता, समोर कुणाचीही पाठ न बघता. आणि त्याहून जास्त हवं होतं ते हे, की ह्यांनी चारचौघांत एकदा म्हणावं, ही जिंकली. एवढं साधं वाक्य. त्याला काही चढ लागत नाही.

रविवारी उपवनच्या टपरीवर चहा घेतानाच त्यांचं सुरू झालं. एरवी चहात साखर किती यावरून सुरुवात होते, त्या दिवशी थेट निकालावर आले.

‘‘तो जिंकला असं म्हणता येणार नाही,’’ डेंटिस्ट म्हणाले. ‘‘त्याला जिंकू दिलं. दोघांनी मनावर घेतलं असतं तर तो दिसला नसता.’’

‘‘पण मनावर घेतलं नाही ना,’’ मी म्हटलं.

‘‘तोच तर मुद्दा आहे, वहिनी.’’

मग सरांनी खिशातून पेन काढलं. लिहायला काही नव्हतं, तरी काढलं. म्हणाले, ‘‘दोन गोष्टी वेगळ्या करू. निकाल आणि गुणवत्ता. निकालात तो पहिला आहे, ते मान्य. पण तीन आठवड्यांच्या एकूण हिशोबात तो इतका मागे, की त्याला अडवायची कुणाला गरजच वाटली नाही. मग हा विजय म्हणायचा, की दुर्लक्ष? काय वाटतं?’’ आणि कुणाला काय वाटतं हे कळायच्या आत म्हणाले, ‘‘दुर्लक्ष.’’

ठाकुर्लीवाला गाल फुगवून हसला. ‘‘वहिनी, तुक्का लागलाय, मान लो ना. मी कालच बोललेलो या दोघांना, असला स्टेज मोजायलाच नको. और वो मोटरसायकल दिसली का, कॅमेऱ्याची? तिच्या आडोशाने गेलेला तो, वारा लागलाच नाही. सीधा फायदा.’’

खिडकीवर बसले होते तेव्हा अशी माणसं रोज यायची. रांगेत दुसराच उभा असतो, आणि हे बाजूने येऊन सांगतात की खरं तर मी आधीचा, जरा पाणी प्यायला गेलेलो. त्यांना रांग मान्य असते. फक्त त्यात दुसरा पुढे आहे, हे मान्य नसतं. अशांना मी कधी तिकीट दिलं नाही. पण तिथे खिडकी माझी होती. इथे टपरी, आणि मी वहिनी.

गंमत म्हणजे डेंटिस्टना जॅकेट मिळालं होतं त्या रविवारी यांच्यापैकी कुणीही टप्प्याची गुणवत्ता काढली नव्हती. तेव्हा तर पुढे निघालेल्या दोघांची टक्कर होऊन मागून येणारा डेंटिस्टचा बडा जिंकला होता आणि त्याला हे सगळे ‘क्लास रायडर’ म्हणत होते. मी ते बोलून दाखवलं. ‘‘ते वेगळं,’’ असं तिघंही एकदम म्हणाले. कसं वेगळं, हे विचारल्यावर सरांनी पेन खिशात परत ठेवलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली वाकून चाकात हवा भरत होते. चाकात हवा भरपूर होती, मी घरून निघताना बघितलं होतं. वाद चालू होता तितका वेळ हे पंप मारत राहिले. मनात म्हटलं, आता चाक फुटेल, पण हे काही बोलणार नाहीत. मग सरांनीच विचारलं, ‘‘साहेब, नियम तुमचा. तुम्ही सांगा.’’

हे उठले, हात पुसले आणि घसा खाकरला. ‘‘नियमाचा हेतू काय होता, ते बघायला हवं.’’

घरात गेल्या कित्येक वर्षांत ह्यांनी एकाही गोष्टीचा हेतू बघितलेला नाही. मला इतका राग आला, की हातातला चहाचा ग्लास मी बाकड्यावर जोरात ठेवला. टपरीवाल्याने मान वर केली.

‘‘हेतू तुम्ही मनात ठेवा,’’ मी म्हटलं. ‘‘नियम ग्रुपवर लिहिलाय, सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. ज्याचं नाव बरोबर, त्याचं जॅकेट. काढा.’’

मग डेंटिस्ट मोठ्या मनाने हसले. ‘‘जाऊ द्या हो, या वेळी वहिनींना देऊन टाकू. हौस आहे त्यांची.’’ म्हणजे निकालाने मिळालेलं नाही, दया म्हणून मिळालं. ठाकुर्लीवाल्याने लगेच मोबाइल काढला आणि चला, वहिनींचा फोटो, असं म्हणाला. मी जॅकेट घातलं. ते डेंटिस्टच्या मापाचं होतं, माझ्या मांडीपर्यंत आलं, आणि त्याला त्यांच्या अत्तराचा वास होता. मी बाह्या दुमडल्या आणि निघाले.

जंगलखात्याचं फाटक ओलांडलं की चढ लागतो. मी माझ्या वेगाने चढत होते. माझा वेग म्हणजे सकाळी फिरायला आलेले आजोबा थोडा वेळ सोबत चालतात आणि मग दमून मागे पडतात, तितका. मागे ते चौघं. त्यांना एवढं हळू चढायची सवयच नव्हती. सायकली इकडेतिकडे डगमगायला लागल्या. सर एकदा कठड्याकडे गेले, एकदा माझ्या मागच्या चाकाकडे. ठाकुर्लीवाल्याचा वेग इतका कमी झाला, की सायकल उभीच राहिली, आणि बूट पेडलमधून सुटायच्या आत तो तिच्यासकट सावकाश आडवा झाला. झाडावरून एक माकड बघत होतं. मी मागे वळून विचारलं, लागलं का. नाही म्हणाला. मी पुढे चालू लागले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. समोर नुसता रस्ता होता, वळणं होती, ओल्या पानांचा वास होता, आणि मला कुणीही काहीही समजावून सांगत नव्हतं. मला ओलांडायची त्यांना सोय नव्हती. नियम त्यांचाच होता, मोडायचा कसा?

शेवटच्या वळणापाशी चढ उभा होतो. तिथे मला धाप लागली आणि मी आणखी हळू झाले. उतरले नाही, चालवतच होते. मागे कुणीतरी हळूच हसलं. मग शेजारी चाकाचा आवाज आला. बघते तर हे.

‘‘अगं, मी पुढे होतो,’’ हे माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘तू ये मागून.’’

आणि गेले. दुसरं कुणी गेलं असतं तर मी भांडले असते. डेंटिस्ट गेले असते तर सायकल आडवी घातली असती. पण हे गेले, आणि मी नुसती पेडल मारत राहिले. साहेबच गेले म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात? एकामागून एक सगळे गेले. प्रत्येकजण जाताना ‘सांभाळून, वहिनी’ म्हणाला.

मी वर पोचले तेव्हा चौघंही पाणी पीत उभे होते आणि हे सांगत होते, ‘‘मी पुढे जाऊन हिच्यासाठी वारा कापला. ओढली नसती तर पोचली नसती.’’

जंगलात पान हलत नव्हतं. ज्या वेगाने मी चढत होते, त्या वेगात पुढच्याच्या आडोशाचा काडीचाही उपयोग होत नाही, हे मागच्याच महिन्यात डेंटिस्टनी मला मी विचारलेलं नसताना समजावून दिलं होतं. तेच डेंटिस्ट आता मान हलवत होते. ‘‘साहेब, याला म्हणतात टीमवर्क,’’ सर म्हणाले. ठाकुर्लीवाला म्हणाला, ‘‘सही है.’’ परवा ज्याने बाटल्या वाहिल्या आणि काल जो जिंकला, त्याचा विजय खोटा. आज ज्याने काहीही वाहिलं नाही, त्याचा त्याग खरा. मी जॅकेट काढलं, डेंटिस्टच्या हलक्या सायकलीवर टाकलं आणि एकटीच उतरायला लागले.

हे मिसळ खाऊन उशिरा घरी आले. मी आंघोळ करून, पाय स्टुलावर टाकून पेपर वाचत होते. काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ह्यांनी हेल्मेट टांगलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, ‘‘चहा टाकतेस?’’

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ मी म्हटलं. ‘‘आधण ठेवा. मी येते मागून.’’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांची बरीच आदळआपट ऐकू आली, मग गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दारातून डोकं बाहेर काढून ह्यांनी विचारलं, आपल्याकडे साखर कुठे असते.

मी पेपरचं पान उलटलं आणि सांगितलं नाही.