सुनंदाचं नाशिक

"मावशी, आई फोन उचलत नाही. जरा बघून येतेस?" मुंबईहून मिथिलाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. मधला दगडी गडगा ओलांडून गेले. दार नुसतं लोटलेलं. सुनंदा झोपाळ्यावर कुशीवर निजलेली… हाक मारायची गरज उरली नव्हती. रत्नागिरीत आमची घरं शेजारी. अर्धं आयुष्य आम्ही त्या गडग्यावरूनच बोललो.

तिचा नवरा, प्रभाकर, मालवाहू बोटीवर होता. मिथिला शाळेत जायला लागली त्या वर्षी भर वादळात तो डेकवरून नाहीसा झाला. बोट परत आली. तो नाही, त्याचा देहही नाही. सुनंदाने मंगळसूत्र काढलं नाही. "मी काही बघितलं नाही," एवढंच म्हणायची. लोक आधी समजूत घालत, मग पाठीमागे बोलत, पुढे तेही थांबले. शिवणकाम करून तिने मुलीला वाढवलं.

यंदा मिथिलाचं लग्न ठरलं आणि मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी विषय काढला, वडिलांचे विधी आधी व्हायला हवेत. म्हणून माघात शनिवार-रविवार धरून मिथिला आम्हा दोघींना नाशिकला घेऊन गेली. आधी गोदावरी, दुसऱ्या दिवशी द्राक्षमळे. "आईला जरा बरं वाटेल," ती मला म्हणाली होती.

रामकुंडावर गुरुजींनी दर्भ मांडले, नाव-गोत्र विचारलं. सुनंदा पाण्याकडे बघत राहिली… मग उठली आणि पायऱ्या चढून निघाली. मिथिला मागे धावली.

"आई, माझं लग्न मोडायचंय का तुला?"

"तुझं लग्न तू कर गो. पण ह्यांना मारायला मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मळ्यातल्या मुलीने आमच्यापुढे तांबड्या वाईनचे ग्लास ठेवले. सुनंदा हातही लावणार नाही असं मला वाटलं होतं. तिने घोट घेतला, डोळे मिटले. "बोटीवरून आले की हे सांगायचे, आधी आंबट लागते, मग जीभ कोरडी पडते… खरं होतं त्यांचं." ग्लास खाली ठेवून ती सावकाश म्हणाली, "मेले गो ते. मला काय ठाऊक नाही? तेव्हाच कळलं होतं. पण मी एकदा ते विधी करून टाकले, की मग ते कुठेच नसतील."

मिथिला उठून तिच्या शेजारी येऊन बसली. आईचा हात धरला.

परतल्यावर मिथिलाने मुलाकडे कळवलं, विधी होणार नाहीत. लग्न मोडलं. लग्नासाठी शिवायला घेतलेले ब्लाऊज सुनंदाने पुरे केले, इस्त्री केली आणि कपाटात ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

तिला न्यायच्या वेळी बायका घुटमळल्या. सवाष्ण म्हणून हिरवं नेसवायचं, की साधं? शेवटी एकीने विचारलंच. मिथिला म्हणाली, "हिरवं." कुंकू तिनेच लावलं.

परवा घर झाडायला गेले होते. मोरीजवळच्या आरशाच्या कडेला सुनंदाच्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या. आंघोळीआधी काढून तिथे लावायची सवय. आरसा पुसायला फडका ओला केला होता… टिकल्या सोडून बाकीची काच पुसली आणि दार ओढून घेतलं.