आरशाची पाठ

उदगीरहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी निलंग्याला बहिणीकडे होते. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही. सुटले, असं वाटलं... आणि तसं वाटल्याची आजही लाज वाटत नाही. घरी पोचले तर आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलेलं; आमच्यात बसवूनच पुरतात. कपाळभर भस्म, गळ्यात हार, मान जराशी कलती. दुकानात गल्ल्यापाशी बसायच्या तशाच. दारात पाऊल टाकताच माझा हात आपसूक पदर सारखा करायला गेला. मेलेल्या बाईसमोर!

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न मोडून माहेरी परतल्या आणि भावाच्या साड्यांच्या दुकानाच्या मालकीणच झाल्या. मी नवी नवरी असतानाच दुकानातून हाक यायला लागली, "सुमन, अंगावर टाकून दाखव गं." मी गादीवर उभी राहायचे, अक्का माझ्या खांद्यावर पदर टाकायच्या. आरशाचं तोंड गिऱ्हाइकाकडे, माझ्याकडे त्याची प्लायवूडची पाठ. मग अक्का हसत म्हणायच्या, "हिच्यावर सुद्धा एवढं खुलून दिसायलंय, मग तुमच्यावर कसं दिसंल बघा की!" बायाही हसायच्या, साडी खपायची. मी मात्र मातकट रंग नेसू लागले. फोटो काढताना मागे सरकायची सवय लागली. पोरगी झाली तेव्हा मी आधी विचारलं, "कुणावर गेलीय?" आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

अक्का गेल्यावर देगलूरची एक जुनी गिऱ्हाईक बाई भेटायला आली. निघताना मला न्याहाळत म्हणाली, "वहिनी, तुमच्या अंगावर बघूनच घेत होतो की आम्ही. घरी जाऊन नेसलं की तसं दिसतच नव्हतं. आमचे मालक म्हणायचे, पुन्हा फसलीस!" मी आधी हसले. मग डोक्यात तिडीक गेली. स्वस्तातल्या साड्या अक्का गादीवरच उलगडायच्या. मला हाक यायची ती भारी इरकल किंवा पैठणी निघाली की... म्हणजे त्यांना माहीत होतं. कापडाच्या बाबतीत ज्यांची नजर कधी चुकली नाही, त्यांची माझ्याच बाबतीत बरी चुकेल! त्या म्हणाल्या तशी बाई होऊन मी जन्म काढला, आणि त्या वेगळीच बाई बघत होत्या, तिच्या जिवावर माल खपवत होत्या.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नको, असं घरातून बजावलंय. मग चांगलं एवढंच लिहिते, की दुकान त्यांनी वाढवलं.

परवा दुकानात कुणी नव्हतं. आरसा माझ्याकडे फिरवला, अंजिरी इरकलीचा पदर खांद्यावर टाकला. समोर केस पिकलेली, गाल बसलेली बाई. तरुणपणी ती कशी दिसायची? फोटोत तर मी सगळ्यांच्या मागे. तिला नीट बघणारी एकच बाई होती... आणि ती तोंड मिटून, ताठ बसून मातीत गेली.