कुड्यांना लागलेलं पाणी

सावेडीतल्या अंबिकाबाईंकडे कुणी मीठ मागायला गेलं तर त्या वाटीभर देत, वर लिंबूही देत. अडल्यानडल्याला धावून जाणारी बाई म्हणून अख्ख्या नगरात त्यांचं नाव होतं. फक्त एक वस्तू त्यांच्या हातून सुटत नव्हती, ती म्हणजे हिऱ्याच्या कुड्या. सासूबाईंनी घरची रीत मोडून त्या शेवटपर्यंत कानातून काढल्या नव्हत्या, आणि अंबिकाबाईंना मिळाल्या तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते.

रीत खरं तर ठरलेली होती. सुनेला मूल झालं की येणाऱ्या महालक्ष्म्यांत कुड्या ज्येष्ठेच्या मुखवट्याला घालायच्या आणि विसर्जनानंतर सुनेच्या कानात द्यायच्या. अंबिकाबाईंच्या सुनेला, प्रणिताला, फाल्गुनात मुलगी झाली. अंबिकाबाईंचे यजमान हेमचंद्रराव आयुष्यभर हेडमास्तर. घरच्या रीतीही ते शाळेच्या नियमांसारख्या पाळत. त्यांनी श्रावणातच जाहीर केलं, "यंदा कुड्या प्रणिताच्या." अंबिकाबाई हसून "व्हायलाच हवं" म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दर वर्षी कुड्या त्या स्वतः पुसत. दाराला कडी लावून, कोरड्या मलमलीनं, एकेका हिऱ्यावर फुंकर घालत. यंदा त्यांनी डबी सुनेपुढे ठेवली.

"तूच कर. तुझ्याच आहेत आता."

प्रणिता हरखली. तिच्याकडे साखरपुड्याची एक हिऱ्याची अंगठी होती. ती कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून भिजवायची, मऊ ब्रशनं घासायची, की अंगठी नव्यासारखी. पण वस्तू जुनी, म्हणून तिनं विचारलं, "आई, पाणी चालेल ना?"

अंबिकाबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खुशाल घाल. कोमट घे."

प्रणितानं कुड्या वाटीत भिजवल्या, मन लावून घासल्या, पंच्यावर वाळवल्या. जेवणाच्या दिवशी सकाळी त्या मुखवट्याला घातल्या, तेव्हा हिरे काळपट दिसत होते. काजळी धरलेल्या काचेसारखे. तिला वाटलं, उजेड कमी असेल.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायकांनी घर भरलं. नेवाशाहून प्रणिताची आईही आली होती. कुणीतरी म्हणालं, "यंदा कुड्या उठत नाहीत हो." अंबिकाबाईंनी एक उसासा टाकला.

"माझ्या हातून गेल्या तेव्हा लखलखत होत्या. मधे कुणाकुणाच्या हातात फिरल्या, देवीला ठाऊक."

बोलताना त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. विहीणबाईंच्या हातातली ओटी तशीच राहिली. त्या जेवायला थांबल्या नाहीत. बायका पांगल्यावर प्रणिताच्या नवऱ्यानं, गंधारनं, तिला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, खडे कुणाला बदलायला दिलेस का?" तिनं जन्मभर हा प्रश्न विसरू नये, इतक्या हळू आवाजात विचारलं.

विसर्जन झालं. कुड्या कुणाच्याच कानात गेल्या नाहीत. प्रणिता दुसऱ्या दिवशी डबी घेऊन एकटीच सराफाकडे गेली. म्हाताऱ्या सूर्यभान सराफांनी भिंग लावलं.

"हिरे अस्सल हायेत, ताई. जुन्या कामात हिऱ्याच्या मागं चकाकीचा पातळ पत्रा असतो, डाक म्हन्त्यात त्याला. पानी शिरलं की तो काळा पडतो. नवा बसवून दिऊ." मग भिंग काढून म्हणाले, "पन पानी लागलंच कसं? अंबिकाबाई तर दर साली फिरकी तपासायला आनत्यात तवा मलाच बजावत्यात, पानी दावू नका म्हनून."

प्रणिता घरी आली. सासूबाई झोपाळ्यावर होत्या. तिनं सराफांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "माझ्या आईला एक फोन कराल? एवढंच करा."

अंबिकाबाईंनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला. "कशाला ते जुनं उगाळायचं? घरातली गोष्ट घरात राहू दे."

फोन झाला नाही. नेवाशाहून पुन्हा कुणी आलं नाही. नव्या डाकाच्या कुड्या अंबिकाबाईंच्याच कानात राहिल्या, आणि हेडमास्तरांना त्यात काही विचारावंसं वाटलं नाही.

थंडीत अंबिकाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सगळ्या सूचना सुनेला दिल्या, थेंबांच्या बाटल्याही तिच्याच हातात. गंधार कामाला सुप्याला जायचा, हेमचंद्ररावांचे हात थरथरायचे. चार दिवसांनी अंबिकाबाईंना अंघोळीशिवाय चैन पडेना. काळ्या चष्म्याआडून त्यांनी विचारलं, "प्रणिता, डोक्यावरून पाणी चालेल ना गं?"

प्रणिता लेकीचे कपडे घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "खुशाल घाला. कोमट घ्या."

अंबिकाबाईंनी चाचपून खुर्चीचा हात धरला. मोतीबिंदूनंतर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सून काय म्हणते ते पाहायला त्यांनी उगाच विचारलं होतं. आता त्यांना दुसरं काही विचारायची सोय राहिली नाही.

घड्या संपवून प्रणिता उठली. ट्रेमधून एक बाटली उचलून तिनं ती हलवली आणि सासूच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. कोणती बाटली, ते अंबिकाबाईंना दिसत नव्हतं.

"मान मागे करा, आई," ती मायेनं म्हणाली. "डोळा उघडा."